पहिल्यांदाच थीम पार्कला निघालाय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची किंवा मेची सुट्टी तोंडावर आली, की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणाला खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं असतं, कुणाला हैदराबादच्या वंडरलाला. कुणी चाळीस व्हिडिओ बघून डोकं भंजाळून घेतलेलं असतं, तर कुणाला पार्क कुठल्या वारी बंद असतं हेही माहीत नसतं. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तिकिटांचे दर आणि नेमक्या वेळा मुद्दाम लिहिलेल्या नाहीत. त्या हंगामानुसार बदलतात आणि पार्कच्या स्वतःच्या वेबसाइटवरच बघायच्या असतात.

एवढा अभ्यास कशाला लागतो ओ? तिकीट काढायचं, फिरायचं, परत यायचं.

गड्ड्याच्या जत्रेला जाताना कुणी अभ्यास करत नाही, हे खरंय. होम मैदानावर जायचं, आवडेल त्या पाळण्याचं तिकीट काढायचं, कंटाळा आला की भजी खाऊन घरी. थीम पार्कचा हिशेब याच्या बरोबर उलटा असतो. पैसे गेटवर एकदाच भरायचे, आतल्या बहुतेक राइड्स त्याच तिकिटात. त्यामुळे आत गेल्यावर पैसा नाही, वेळ कमी पडतो. पार्क साधारण साडेदहा-अकराला उघडतं आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास आवरतं. त्यातून जेवण, रांगा, कपडे बदलणं आणि धाकट्याचं रडणं वजा करा, म्हणजे हाती काय उरतं ते कळेल.

त्यात आपण सोलापूरचे. पुण्या-मुंबईची माणसं ‘आज नाही जमलं, पुढच्या रविवारी’ म्हणू शकतात. आपल्याला दोन्हीकडे तीनशे किलोमीटर. म्हणून गेटवर उभं राहिल्यावर जे बदलता येणार नाही, तेवढं घरूनच पक्कं करून निघायचं: तारीख, मुलांची उंची, जाण्यायेण्याची गाडी, रात्रीचा मुक्काम, कपडे आणि त्या दिवशी मोठी राइड बंद तर नाही ना हे. बाकीचं आत गेल्यावर ठरवलं तरी चालतं. माझ्या मते तिथेच ठरवलेलं बरं असतं.

मग किती दिवस आधीपासून लागायचं?

दोन संध्याकाळी पुष्कळ झाल्या. पहिली जायच्या महिनाभर आधी, घरातल्या सगळ्यांना बसवून: कुठे, कोणत्या तारखेला, कशाने, मुक्काम कुठे. दुसरी निघायच्या चार-पाच दिवस आधी: वेबसाइटवर वेळा आणि बंद राइड्स बघायच्या, तिकीट काढायचं, हवामानाचा अंदाज बघायचा, बॅग भरायची.

याहून कमी केलंत तर गेटवर भांडणं होतात. याहून जास्त केलंत तर घरातला एक जण दिवसभर हातात कागद घेऊन बाकीच्यांना हाकत बसतो. असा माणूस बऱ्याच घरांत असतो. बहुतेक वेळा तो स्वतः एकाही राइडमध्ये धड बसत नाही.

खोपोली बरं की हैदराबाद?

अंतरात फारसा फरक नाही. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, तिथून खोपोली पंच्याहत्तर-ऐंशी. हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ६५ ने साधारण तीनशे. फरक आहे तो वाटेत आणि पार्कच्या स्वभावात.

खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. गोष्टींवर बेतलेल्या राइड्स ही त्याची खासियत आहे. ‘मिस्टर इंडिया’वरची सिम्युलेटर राइड (पडद्यापुढे हलणाऱ्या खुर्च्यांची), सलीमगढचं भुताचं घर, अलीबाबाच्या गुहेत बंदुकीने नेम धरत जाणारी गाडी, नदीतून डायनासोरांमधून जाणारी राजासॉरसची होडी. (राजासॉरस कुणा लेखकाच्या डोक्यातून निघालेला नाही बरं का. नर्मदेच्या खोऱ्यात त्याचे अवशेष सापडले आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. मुलांना हे आधी सांगा, होडीत बसताना त्यांचा रुबाब वेगळाच असतो.) धाडसी मंडळींसाठी नायट्रो आहे, १३२ फूट उंच आणि ताशी १०५ किलोमीटर वेगाचा रोलरकोस्टर. पाय खाली अधांतरी लोंबकळत असतात. पाण्याचं पार्क शेजारीच आहे, पण त्याचं तिकीट वेगळं. एका दिवसात दोन्ही उरकायचा मोह टाळा.

हैदराबादचं वंडरला २०१६ साली सुरू झालं. तिथे कोरड्या आणि पाण्याच्या राइड्स एकाच तिकिटात, एकाच आवारात आहेत. गोष्ट-बिष्ट कमी, झोके-घसरगुंड्या जास्त. कॉलेजातली पोरं आणि दहा-बारा वर्षांपुढची मुलं तिथे खूश असतात.

हैदराबादलाच रामोजी फिल्म सिटी आहे. ती १९९६ सालची. जगातला सर्वांत मोठा चित्रपट-स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. पण तिथे थरारक राइड्सच्या अपेक्षेने जाऊ नका. बसमधून सेट बघायचे, शो बघायचे, फोटो काढायचे, असा तो दिवस असतो.

माझं मत विचाराल तर: लहान मुलं असतील तर इमॅजिका, मोठी मुलं असतील तर वंडरला, आजी-आजोबा आणि चार पिढ्या एकत्र निघाल्या असतील तर रामोजी. आणि घरात तेलुगू बोलणारं कुणी असेल, सोलापुरात अशी घरं काय कमी आहेत, तर हैदराबादला रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळं सोपं जातं.

एस्सेलवर्ल्ड चालू आहे का? आमच्या शाळेची सहल गेली होती तिथे.

१९८९ साली गोराईला सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे. शेजारचं वॉटर किंगडम पाण्याचं पार्क आहे, त्याची वेगळी चौकशी करा. आठवणीपोटी मुलांना तिकडे न्यायचा बेत असेल तर बदला.

कोणत्या दिवसांत जावं?

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. पार्कमध्ये दिवस कसा जाईल, हे निम्मंअधिक तारखेवर ठरतं.

पहिली गोष्ट, शनिवार-रविवार टाळा. मुलांची शाळा दोन दिवस बुडाली तरी चालेल, असं मी म्हटलं तर शिक्षक मंडळी रागावतील. पण मंगळवारी अर्ध्या वेळात होणाऱ्या राइड्स रविवारी दिवसभरातही होत नाहीत, हे तितकंच खरं.

दुसरी गोष्ट, आपली सुट्टी आणि तिकडची सुट्टी एक नसते. महाराष्ट्रात शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत. तेलंगणात ती दसऱ्याला असते, बतुकम्मा हा तिथला फुलांचा सण धरून जवळजवळ पंधरवडाभर. शिवाय संक्रांतीलाही त्यांना सलग सुट्ट्या असतात. म्हणजे दसऱ्याच्या आसपास ‘आपल्याकडे शाळा चालू आहेत, गर्दी नसेल’ असा हिशेब करून हैदराबादला गेलात तर अख्खं तेलंगण तुमच्या आधी रांगेत उभं असतं. त्याउलट भाऊबीज झाल्यावर आपली मुलं मोकळी असतात आणि तिकडच्या शाळा भरलेल्या असतात. हैदराबादसाठी हा आठवडा मी सगळ्यांना सुचवतो. संक्रांतीचा प्रश्न सोलापूरकराला नसतोच. सिद्धेश्वराची यात्रा सोडून त्या दिवसांत गावाबाहेर कोण जाणार?

उन्हाळ्यातही असंच. तिकडची उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या शेवटीच सुरू होते आणि शाळा साधारण १२ जूनला उघडतात. आपल्या त्यानंतर तीन-चार दिवसांनी. हे तीन-चार दिवस मोकळे सापडले तर सोडू नका.

खोपोलीचं गणित पावसावर चालतं. सोलापुरात वर्षाकाठी जेमतेम ५५-६० सेंटिमीटर पाऊस पडतो. खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, आणि वर घाटात लोणावळा-खंडाळ्याला ४०० सेंटिमीटरच्या वर. आपल्याला ‘पाऊस’ म्हटलं की अर्ध्या तासाची सर डोळ्यांपुढे येते. तिकडे जुलैत तो तीन दिवस थांबत नाही. जोरदार पावसात, विजा चमकत असताना उघड्यावरच्या राइड्स सुरक्षेसाठी थांबवतात, आणि पैसे परत मिळतीलच असं नाही. हिरवळ बघायला पावसाळा छान, नायट्रोसाठी नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मात्र २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा सोडून.

मे महिन्याच्या उन्हाची आपल्याला कोण भीती घालणार म्हणा. तरीही डांबरी आवारात दुपारी दोन वाजता रांगेत उभं राहणं हे सोलापुरी माणसालाही जड जातं. मेमध्येच जायचं असेल तर पाण्याचं पार्क धरा.

मुलांचं वय किती असलं म्हणजे न्यावं?

वय विचारू नका, उंची विचारा. पार्कमध्ये जन्मदाखल्यापेक्षा उंची मोजायची पट्टी मोठी. मुलाचं तिकीट अर्धं की पूर्ण हेही बहुधा उंचीवर ठरतं. राइडमध्ये बसायला मिळणार की नाही, हेही. मोठ्या राइड्सना साधारण १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान किमान उंची लागते. नेमका आकडा प्रत्येक राइडपुढे पाटीवर आणि वेबसाइटवर दिलेला असतो.

घरी असं करा. मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभं करा. डोक्यावर पाटी किंवा जाड पुस्तक आडवं धरा, पेन्सिलीने भिंतीवर खूण करा, मग टेपने मोजा. चपला काढून मोजायचं, कारण तिथेही बूट बघून सूट मिळत नाही. आलेला आकडा घेऊन वेबसाइटवरच्या राइड्सच्या यादीवर बोट ठेवत मुलाबरोबरच बसा: ही चालेल, ही नाही, ही पुढच्या वेळी. हे काम दहा मिनिटांचं आहे. ते केलं नाही तर तासभर रांगेत थांबून अगदी पुढे गेल्यावर दारातला माणूस मान हलवतो, आणि मग मुलाचा जो सूर लागतो तो परतीच्या वाटेवर टेंभुर्णीपर्यंत थांबत नाही.

तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका. ‘दोन सेंटिमीटरनी काय होतंय’ असं वाटतं खरं, पण सीटवरचा लोखंडी दांडा विशिष्ट उंचीच्या शरीराला नीट बसेल असाच बनवलेला असतो. मूल लहान असेल तर मध्ये फट राहते.

स्वतःची गाडी, रेल्वे की भाड्याची गाडी?

खोपोलीसाठी गाडी असेल तर गाडीच. पुण्यात हडपसरला अडकलात तर सगळं वेळापत्रक कोलमडतं. त्यामुळे बाहेरून कात्रज बायपासकडे निघायचं आणि शक्यतो वाहतूक सुरू व्हायच्या आत. सोलापूरहून पहाटे निघून थेट पार्क गाठायचं आणि रात्री परत, असा पराक्रम करणारे भेटतात. पहिल्या वेळी नको. दिवसभर राइड्सवर हिसके खाल्लेल्या माणसाने रात्री साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवणं हा धोका आहे, यात बहादुरी कसली. आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम करा. सोलापूरकराचं पुण्यात कुणी ना कुणी असतंच. शनिवारी सकाळी मात्र अर्धं पुणे आणि अर्धी मुंबई एक्स्प्रेसवेवर असते, बोरघाटात गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात.

रेल्वेने जायचं तर हुतात्मा एक्स्प्रेसने किंवा २०२३ साली सुरू झालेल्या वंदे भारतने पुणे, आणि पुढे टॅक्सी. पाच माणसांपर्यंत हे परवडतं.

हैदराबादला गाडीने जाताना नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी असा सरळ रस्ता आहे. शहरात शिरायची गरज नाही. पाटणचेरूला आउटर रिंग रोडवर चढा. वंडरलासाठी रविर्यालला उतरायचं, रामोजीसाठी त्याच रिंग रोडने पुढे विजयवाडा रस्त्याला. रेल्वे कलबुर्गी, वाडी, विकाराबादमार्गे जाते, बऱ्याच गाड्या आहेत. पण पार्क शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, स्टेशनवरून तिथे जायला चांगलाच वेळ लागतो.

भाड्याची क्रुझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवणार असाल तर एक गोष्ट आधीच विचारा. हैदराबादच्या वाटेवर महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण अशी तीन राज्यं लागतात. पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीला परराज्याचं परमिट आणि कर लागतो. तो भाड्यात धरलाय की वर द्यायचाय, हे निघायच्या आधी कागदावर घ्या. हुमनाबादच्या अलीकडे गाडी बाजूला लावून यावर चर्चा करण्यात मजा नाही.

यूट्यूबवर सगळ्या राइड्सचे व्हिडिओ बघून जावं का?

नाही. माहितीचे बघा, राइडचे नको. पार्किंग कुठे, लॉकर कसे, कपडे बदलायच्या खोल्या कशा, चालायचं अंतर किती, हे सांगणारा एखादा अलीकडचा व्हिडिओ उपयोगी असतो. राइडच्या आत कॅमेरा धरून काढलेले व्हिडिओ मात्र दोन नुकसानं करतात. अंधारातल्या राइडची सगळी गंमत पुढे काय येणार हे माहीत नसण्यात असते, ती आधीच खर्च होते. आणि रोलरकोस्टरचा व्हिडिओ बघून घाबरट माणूस आणखी घाबरतो. घरी सोफ्यावर बसून बघताना पोटातला गोळा तेवढा येतो, अंगावरचा वारा येत नाही.

व्हिडिओची तारीखही बघा. तीन वर्षांपूर्वीचे दर आणि बंद झालेल्या राइड्स यांवर बेत आखणारे बरेच आहेत.

रांगा कशा चुकवायच्या? जादा पैशाचा पास घ्यावा का?

पार्क उघडायच्या अर्धा तास आधी गेटवर हजर राहा. तिकीट ऑनलाइन काढलेलं असू द्या. आत शिरल्यावर गर्दी पहिल्या दिसेल त्या राइडला चिकटते. तुम्ही तिथे न थांबता ज्या राइडसाठी आलात तिथे सरळ चालत जा. पहिला तास दिवसातला सर्वांत किमती तास. त्या तासात फोटो काढू नका, चहा पिऊ नका. दुपारी एक ते दोन सगळे जेवायला जातात. तुम्ही बाराला जेवा किंवा अडीचला.

रांग किती वेळ खाईल याचा अंदाज बांधता येतो. रांगेच्या तोंडाशी उभं राहून बघा, एका फेरीत किती जण बसतात आणि दोन फेऱ्यांत किती मिनिटं जातात. समजा २४ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते. म्हणजे तासाला ४८० माणसं. तुमच्या पुढे अंदाजे २४० दिसत असतील तर अर्धा तास. छोट्याशा रांगेकडे बघून फसू नका. एका वेळी आठच जण घेणाऱ्या राइडची छोटी रांगही तासभर हलत नाही. घरातल्या आठवी-नववीतल्या पोराला हे काम द्या, तो आनंदाने करतो.

मोठी रांग टाळून पुढे सोडणारा जादा पैशाचा पास दोन्हीकडे मिळतो. मंगळवार-बुधवारी तो वाया जातो. सुट्टीच्या दिवशीच जावं लागत असेल तर घरातल्या सगळ्यांसाठी न घेता, मोठ्या राइड्स करणाऱ्या दोघा-तिघांसाठी घ्या. आजींना तो पास काय करायचाय?

पाण्याच्या राइड्सना कपडे कसले लागतात? आमच्या घरातल्या बायका पोहण्याचा ड्रेस घालत नाहीत.

हा प्रश्न फोनवर नेहमी हळू आवाजात येतो, म्हणून इथे मोठ्याने लिहितो. साडी, सलवार-कमीज, जीन्स, सुती टी-शर्ट घालून पाण्यात सोडत नाहीत. नायलॉन किंवा लायक्रासारखं कापड लागतं. पण ते तोकडंच असलं पाहिजे असं नाही. पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग घालून बायका निवांत खेळतात. पार्कमध्ये असे कपडे विकत, बरेचदा भाड्यानेही मिळतात. पण मापाचे मिळतीलच असं नाही, म्हणून घरूनच न्या.

सुती का नको? कापडाचे धागे सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात. सूत पाणी पिऊन जड होतं आणि घसरगुंडीवर अंगाला घासतं. अंग पुसायला मात्र सुतीच हवं, आणि ते कुठून आणायचं हे सोलापूरकराला सांगायला नको. चार मोठे टॉवेल घरूनच न्या.

कोरड्या राइड्सना साडीवर बंदी नसली तरी पदर आणि ओढणी घट्ट खोचावी लागते, आणि काही राइड्सवर नाही म्हणतात. पंजाबी ड्रेस किंवा पँट सोयीची. पायात मागे पट्टा असलेली सँडल घाला, साधी चप्पल पहिल्या उलट्या फेरीतच पायाची साथ सोडते.

खायचं घरून नेऊ का?

गेटवर बॅग तपासतात आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं यांना हरकत घेत नाहीत. आतलं जेवण महाग असतं हे धरूनच चला. सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी पोटभर खाऊन आत जा, म्हणजे आत एकच जेवण लागतं.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायची तर न्याच, पण गाडीत राहू द्या. संध्याकाळी बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये दही घेऊन बसलं की आतलं कुठलंच जेवण आठवत नाही. आणि तारीख ठरवताना घरात कुणाची एकादशी-चतुर्थी आहे का, बघा. उपासाच्या पोटी रोलरकोस्टरवर बसू नये.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना घरी ठेवावं का?

न्या, पण त्यांचा दिवस वेगळा आखा. शो, सावलीतल्या हळू राइड्स, बसायच्या जागा आधी बघून ठेवा. चालणं खूप होतं. व्हीलचेअर मिळते का, हे फोन करून विचारा आणि लाजू नका. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर वेगवान राइड्स बंद, यात सूट नाही. राइडपुढच्या पाटीवर हे लिहिलेलं असतं. ‘मला काही होत नाही’ म्हणणारे बाबा असतील तर ती पाटी त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

आणि कृपा करून त्यांना दिवसभर बॅगांवर बसवू नका. लॉकर त्यासाठीच असतो.

मला गाडी लागते. मी जाऊ का?

जा. गंमत अशी, की गाडी लागणाऱ्यांना उघड्यावरच्या रोलरकोस्टरपेक्षा बंद खोलीतली सिम्युलेटर राइड जास्त त्रास देते. तिथे डोळ्यांना जोरात पळतोय असं दिसतं आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला तसं जाणवत नाही. या भांडणात पोट हरतं. मळमळायला लागलं तर पडद्यावरून नजर काढून शेजारच्याच्या खांद्याकडे बघा, किंवा डोळे मिटा. गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये.

भीती वाटत असेल तर रोलरकोस्टरच्या मधल्या डब्यात बसा. शेवटचा डबा उतारावर सर्वांत जोरात खेचला जातो, पुढच्या डब्यातून सगळं दिसतं. आणि ज्याला नाहीच बसायचं त्याला चिडवून बसवू नका. मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

खर्चाचा अंदाज कसा धरायचा?

प्रवेश तिकीट हा खर्चाचा एक भाग झाला. कागदावर असं मांडा: तिकीट (जीएसटी धरून की वेगळा, ते बघा), गाडी-टोल, दोन रात्रींचा मुक्काम, आतलं एक जेवण, लॉकर, पाण्याचे कपडे, पार्किंग, आणि मुलं बाहेर पडायच्या वाटेवरच्या दुकानात हट्ट करतील त्याचे पैसे. दुकान वाटेतच असतं, चुकवता येत नाही. मुलांना आधीच सांगा, प्रत्येकाला एवढे एवढे, त्यात काय घ्यायचं ते घ्या. तारीख बदलली की तिकीटही बदलतं, आणि विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर सवलत असू शकते. कॉलेजच्या पोरांनी ओळखपत्र विसरू नये.

खोपोलीला जातोच आहोत, तर अष्टविनायक जोडून करावेत का?

महडचा वरदविनायक खोपोलीपासून जवळ आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर ज्या रस्त्यावर पार्क आहे त्याच खोपोली-पाली रस्त्यावर पुढे. तेव्हा हे दोन जरूर करा. पण पार्कच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून. ‘आधी दर्शन, मग पार्क’ केलं की पार्कला पोचेपर्यंत बारा वाजतात आणि पहिला तास हातचा जातो. बाप्पा समजून घेतो, रांग घेत नाही.

पहिल्यांदाच जातोय, तर थेट सिंगापूर-हाँगकाँगच का नको?

पैसे असतील तर जरूर. पण मग दोन संध्याकाळी पुरणार नाहीत. पासपोर्ट परतीनंतरही सहा महिने वैध हवा, मुलांचे पासपोर्ट वेगळे. सिंगापूरला व्हिसा आणि जाण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आगमन-पत्रक. हाँगकाँगला भारतीयांना छोट्या भेटीसाठी व्हिसा लागत नसला तरी ऑनलाइन पूर्वनोंदणी सक्तीची. डिस्नेच्या पार्कमध्ये रांगांचं सगळं तंत्र मोबाइल ॲपवर चालतं, ते आधी शिकून जावं लागतं. घरच्यांना दिवसभर चालणं, रांगा, राइड्स झेपतात का आणि आवडतात का, हे एकदा तीनशे किलोमीटरवर बघून घ्या. निम्म्या घरांत असं निघतं, की मुलांना हॉटेलचा स्विमिंग पूलच जास्त आवडला.

मूल गर्दीत हरवलं तर?

सकाळी आत शिरल्याबरोबर प्रत्येक मुलाचा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. घाबरलेल्या माणसाला शर्टाचा रंग आठवत नाही. मनगटावर फोन नंबर लिहायचा तर पाण्यात पुसला जातो, म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीवर लिहून बांधा. भेटायची जागा एकच ठरवा, ठळक दिसणारी, आणि मुलांना ती चालत नेऊन दाखवा. मोठ्यांचे फोन लॉकरमध्ये असतील तेव्हा ही जागाच कामाला येते.

तिकीट काढलं आणि ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर पैसे परत मिळतात का?

बहुतेक वेळा पैसे परत मिळत नाहीत, तारीख बदलून मिळू शकते. तीही ठरावीक मुदतीच्या आत. पैसे भरायच्या पानावर बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं, तेवढ्या चार ओळी वाचा. म्हणूनच तिकीट महिनाभर आधी न काढता, चार-पाच दिवस आधीच्या त्या दुसऱ्या संध्याकाळी काढायला सांगितलंय. मोठ्या सुट्टीच्या तारखा तेवढ्या याला अपवाद, तेव्हा तिकीट आधीच काढा आणि बदलाचे नियम असलेल्या पानाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.